निवळ

व्हे प्रोटीनच्या डब्यावर सगळं छापलेलं असतं. एका स्कूपमध्ये प्रोटीन किती, ल्यूसीन किती, साखर किती, चव चॉकलेट की कुल्फी. एक गोष्ट मात्र कोणी छापत नाही, ती म्हणजे हा एक स्कूप तयार व्हायला दूध किती लागलं. शनिवार आहे, रिलीज नाही, तेव्हा हिशोब करून बघायला हरकत नाही.

१० लिटर दुधाचं चीज केलं की ढोबळमानाने १ किलो चीज हाती लागतं आणि ९ लिटर हिरवट-पिवळसर पाणी उरतं. हे पाणी म्हणजे व्हे. मराठीत निवळ म्हणा, निवळी म्हणा. दह्यावर सुटणाऱ्या याच पाण्याला आयुर्वेदात मस्तु म्हणतात. या निवळीत ९३-९४ टक्के नुसतं पाणी, साडेचार-पाच टक्के लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, थोडे क्षार, आणि खरंखुरं प्रोटीन जेमतेम ०.६ टक्के. म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅम. स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन असेल तर ४ लिटर निवळ आटवली, म्हणजे साधारण साडेचार लिटर दूध वापरलं. एक किलोच्या डब्याला १३०-१३५ लिटर निवळ, म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास दूध. शिरूर-दौंड भागातली एखादी बऱ्यापैकी संकरित गाय दिवसाला १२ ते १५ लिटर देते. तेव्हा जिममधल्या बॅगेत पडलेला तो काळा डबा म्हणजे एका गाईची दहा-बारा दिवसांची धार. अर्थात त्याच दुधातून १५ किलो चीजही निघालेलं असतं. ते कोणी खाल्लं? त्याकडे येऊच.

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके का घेतले असं कोणी विचारेल. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. पाऊस घाटात थांबतो, इथे येतात ते ढग बघण्यापुरते. "माणसाला प्रोटीन किती लागतं" या प्रश्नावरून सरकारदरबारी पहिली मोठी भांडणं झाली ती जिममध्ये नाही, दुष्काळात झाली. आणि त्या दुष्काळाची एक खूण दौंडातून आजही रोज धावते. दौंड-मनमाड रेल्वे.

*

दौंडला रेल्वे आली १८५८ साली, पुण्याहून दिक्सळपर्यंत लाइन सुरू झाली तेव्हा. तेव्हा हा सगळा भाग भीमथडी तालुक्यात मोडायचा, तट्टांसाठी प्रसिद्ध असलेला. १८७५ मध्ये याच तालुक्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यात शिरूरही होतं. लोक आधीच कर्जात बुडालेले, त्यावर १८७६ चा पाऊस गेला. पुढची दोन वर्षं दुष्काळाची. सरकारने दुष्काळी कामं काढली आणि दौंड ते मनमाड या लाइनच्या मातीकामावर दुष्काळग्रस्त लोक लावले. १८७८ मध्ये लाइन सुरूही झाली. आज आपण शिर्डीला जाताना जो भराव खिडकीतून बघतो, तो उपाशी माणसांनी टोपल्यांनी टाकलेला आहे.

या लोकांना मजुरी किती द्यायची? व्हाइसरॉय लिटनने खर्चावर लक्ष ठेवायला सर रिचर्ड टेंपलला पाठवलं होतं. टेंपलसाहेबांचा हिशोब असा, की जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्य आणि वर किरकोळ चिल्लर एवढ्यावर भागतं. इतिहासात याला टेंपल वेज म्हणतात. १८७७ च्या जानेवारीत मुंबई इलाख्यात ही कपात लागू झाली आणि हजारो मजुरांनी कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला संप, विचार करा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, गावोगावची माहिती गोळा केली, सरकारला पत्रांवर पत्रं पाठवली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी या सगळ्यात पुढे होते.

तिकडे मद्रासेत डॉ. कॉर्निश नावाचे सॅनिटरी कमिशनर होते. त्यांनी टेंपलशी थेट शास्त्रावर वाद घातला. नुसतं पोट भरण्याचा प्रश्न नाही, त्या अन्नात नायट्रोजन किती आहे ते बघा, डाळ द्या, १ पौंडावर काम करून घ्याल तर माणूस आतून झिजेल, असा त्यांचा मुद्दा. "नायट्रोजनयुक्त अन्न" म्हणजे आजच्या भाषेत प्रोटीन. (प्रोटीन हा शब्द १८३८ चा, मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने छापलेला.) पुढे मद्रासेत रेशन वाढवावं लागलं.

आता गंमत बघा. गंमत म्हणणं बरं नाही, पण आकडा खरंच विचित्र आहे. १ पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारीत १० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. म्हणजे टेंपलच्या मजुराला दिवसाला ४५ ग्रॅम प्रोटीन मिळत होतं. आयसीएमआरचा २०२० चा आकडा आहे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ४१-४२ ग्रॅम. म्हणजे कागदावर टेंपल पास! मग माणसं का मेली?

कारण त्या ४५४ ग्रॅम ज्वारीत कॅलरी आहेत दीड हजारांच्या आसपास, आणि दिवसभर माती वाहणाऱ्याला लागतात त्याच्या दुप्पट. शरीराला इंधन कमी पडलं की ते आलेलं प्रोटीन जाळतं, तेही पुरलं नाही की स्वतःचे स्नायू जाळतं. शिवाय ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसीन कमी, त्यामुळे त्या ४५ मधलंही सगळं कामी येत नाही. म्हणजे प्रोटीनचा आकडा एकटा काढून बघायचाच नसतो. आधी एकूण जेवण पुरेसं हवं, मग प्रोटीनचं बोला. हा मुद्दा लक्षात ठेवा, दौंडच्या मैदानावर परत लागणार आहे.

*

आता दुसरा धागा, पावडरीचा.

प्रोटीन पावडर हे २१ व्या शतकाचं खूळ आहे असं आपल्या घरातल्या मोठ्या मंडळींना वाटतं. ("आमच्या वेळी असली पावडर नव्हती.") होती की! १९०० च्या सुमारास युरोपात प्लाझमॉन नावाची पावडर विकली जायची. लोणी काढून उरलेल्या दुधातलं केसीन वाळवून केलेली. तिची जाहिरात करणारा माणूस म्हणजे यूजीन सँडो, आधुनिक बॉडीबिल्डिंगचा आद्यपुरुष. शॅकलटनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत प्लाझमॉनची बिस्किटं होती. मार्क ट्वेनने तर या धंद्यात पैसे घातले आणि अमेरिकेतल्या कंपनीत ते बुडवलेही. स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हा सँडो १९०४-०५ मध्ये भारतात येऊन खेळ करून गेला. पण त्याच्याही आधी त्याचं पुस्तक आणि यंत्र महाराष्ट्रात पोचलं होतं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोचं सामान मागवलं आणि सुमारे दहा वर्षं नेमाने त्याचा व्यायाम केला. मग ते सोडून सूर्यनमस्काराकडे वळले आणि इतके वळले की संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. थोडक्यात, आजचा जिम की देशी व्यायाम हा वाद एकाच माणसाच्या आयुष्यात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे.

तालमीत मात्र पावडर कधी गेली नाही. तिथे खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी. कोल्हापुरात गंगावेशीला म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारे अजून आहेत. दोन लिटर म्हशीचं दूध पिणाऱ्या पैलवानाला ७० ग्रॅमच्या पुढेच प्रोटीन मिळत होतं, त्यातलं ८० टक्के केसीन आणि २० टक्के व्हे. म्हणजे तो व्हे घेतच होता, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं आणि सोबत १३०-१४० ग्रॅम फॅटही येत होती. ती फॅट जिरवायला हजार जोर आणि दोन हजार बैठका असायच्या. आपल्याकडे खुर्ची असते. म्हणून आजोबांचा खुराक तसाच्या तसा उचलू नये.

आता एक प्रश्न. आपल्याकडे दूध भरपूर, दही-ताक-पनीर-श्रीखंड पिढ्यानपिढ्या, मग व्हे प्रोटीन आपण का नाही काढलं? चक्का टांगल्यावर खाली भांड्यात पाणी जमतंच की.

उत्तर उष्णतेत आहे. आपण दूध आधी उकळतो. दूध ८०-९० अंशांच्या वर तापलं की व्हे प्रोटीनची गुंडाळी उलगडते आणि ते केसीनला जाऊन चिकटतं. मग लिंबू पिळलं की दोघंही एकत्र साकळतात आणि पनीरमध्ये जातात. खालच्या हिरव्या पाण्यात साखर आणि क्षारच जास्त, प्रोटीन फारच थोडं. (तेव्हा पनीरचं पाणी कणकेत घाला, चवीला उत्तम, पण त्याला प्रोटीन शेक समजू नका.) चीजचं तसं नाही. तिथे दूध फार न तापवता रेनेट नावाचं एन्झाइम घालतात. ते फक्त केसीन गोठवतं, व्हे प्रोटीन तसंच्या तसं पाण्यात राहतं. म्हणजे व्हे पावडरचा कारखाना काढायचा तर आधी चीज खाणारी माणसं हवीत. आणि चीज खाणारी माणसं आपल्याकडे आली ती पिझ्झाबरोबर. डॉमिनोजचं पहिलं दुकान भारतात उघडलं १९९६ मध्ये. पिझ्झा आणि प्रोटीन शेक ही सख्खी भावंडं आहेत! शुक्रवारी रात्री आपण जे चीज ताणत बसतो, त्याचंच पाणी सोमवारी सकाळी पश्चात्ताप म्हणून पितो.

*

पण चीजच्या आधी दूध पाहिजे. आणि १९६० च्या दशकात या कोरडवाहू पट्ट्यात दूध कुठलं? गावठी गाय दिवसाला एक-दोन लिटर द्यायची, तीही बैल मिळावेत म्हणून पाळलेली. हे चित्र ज्या माणसाने बदललं त्याचं गाव दौंडला अगदी लागून आहे. उरुळी कांचन.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी निसर्गोपचाराचा प्रयोग करायला उरुळीला आले, आठवडाभर राहिले आणि काम पुढे चालवायला मणिभाई देसाई या सुरतेकडच्या पंचवीस-सव्विशीतल्या तरुणाला मागे ठेवून गेले. (शिक्षण विज्ञानाचं. आपल्यापैकी अनेकांच्या वयाचा. आपण या वयात प्रोजेक्ट बदलतो, याने सगळा जन्म एका गावाला दिला.) निसर्गोपचार म्हणजे रुग्णांना दूध हवं, दूध म्हणजे गाय हवी, म्हणून मणिभाई गीर गाईंच्या मागे लागले. तिथून १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी राहिली. कल्पना साधी होती. गावठी गाईला होल्स्टीन किंवा जर्सी वळूचं गोठवलेलं वीर्य द्यायचं, आणि त्यासाठी शेतकऱ्याने गाय दवाखान्यात न्यायची नाही, तंत्रज्ञाने त्याच्या दारात जायचं. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनचं भांडं मोटरसायकलला बांधून माणसं गावोगाव फिरू लागली. सहकारी साखर कारखाने यात सामील झाले. त्यांना उसाच्या भागातला शेतकरी माहीत होता आणि शेतकऱ्याकडे उसाचे वाढे होते, गाईला घालायला. मणिभाईंना १९८२ मध्ये मॅगसेसे मिळालं. १९९३ मध्ये ते गेले.

संकरित गाईवर टीका करणारे बरेच आहेत आणि त्यातली काही टीका खरीही आहे. तिला उन्हाचा त्रास होतो, आजार लवकर धरतात, औषधपाण्याचा खर्च मोठा, आणि भाकड झाली की पुढे काय हा प्रश्न आता आणखी अवघड झालाय. पण माझं मत विचाराल तर या पट्ट्यात रोजचा पैसा आणणारी पहिली गोष्ट हीच. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, तेही कारखान्याच्या मर्जीने. दुधाचा हिशोब दहा दिवसांनी होतो. खडकवासल्याचा कालवा दौंडला आला, चासकमानचा शिरूरला, चारा झाला आणि दूध वाढत गेलं.

मग ते दूध घ्यायला कारखाने आले. बारामतीला १९९० च्या दशकात डायनॅमिक्स डेअरी उभी राहिली, पुढे अमेरिकेची श्रायबर कंपनी तिच्यात आली. शिरूरच्या वायव्येला, आंबेगाव तालुक्यात मंचरला १९९२ मध्ये देवेंद्र शहा यांनी पराग मिल्क फूड्स सुरू केली. गोवर्धन तूप आणि गो चीज वाले तेच. घोड नदी आंबेगावातून शिरूरला येते (शिरूर गावाचं जुनं नावच घोडनदी) आणि पुढे भीमेला मिळते. पाणी खाली येतं, दुधाचे टँकर उलटे वर जातात. २०१७ मध्ये परागने अवतार नावाने व्हे प्रोटीन बाजारात आणलं, तेव्हा त्यांची जाहिरात हीच होती की गाईच्या ताज्या दुधापासून, इथेच, आणि शाकाहारी. शाकाहारी कशाला म्हणायचं? कारण रेनेट मुळात वासराच्या पोटातून काढायचे. ते न वापरता सूक्ष्मजंतूंपासून केलेलं वापरलं म्हणून. तोवर आपल्याकडच्या डब्यांतली बहुतेक पावडर बाहेरून आयात व्हायची.

*

जगात मात्र निवळीची गोष्ट वेगळ्याच वळणाने गेलेली आहे. आधी ती औषध होती. स्वित्झर्लंडमधल्या गाइस या गावात १७४९ पासून श्रीमंत लोक निवळ पिऊन बरं व्हायला जायचे. मग चीजचे कारखाने मोठे झाले आणि ती कचरा झाली. डुकरांना घाला, शेतात सोडा, नाहीतर सरळ नदीत. नदीत सोडलेली निवळ भयंकर असते. तिच्यातली साखर खायला जंतू तुटून पडतात आणि पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात. लिटरभर निवळीला ३० ते ५० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट म्हणा. मासे पोट वर करून तरंगतात. अमेरिकेत १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आल्यावर डेअऱ्यांना हे पाणी टाकायला जागा उरेना.

उपाय आला तो समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्यांकडून. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन (हो, आपलेच) यांनी अशी पातळ पटलं बनवली की ज्यातून दाब देऊन पाणी झटपट पार होईल आणि मीठ अडेल. घरातल्या आरओ फिल्टरचं मूळ तेच. त्याच जातीचं पण जरा मोठ्या भोकांचं पटल वापरलं की त्याला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. निवळीतल्या मुख्य प्रोटीनचा, बीटा लॅक्टोग्लोब्युलिनचा, रेणू १८ हजार डाल्टनचा. लॅक्टोजचा ३४२. मधलं अंतर एवढं मोठं आहे की १० हजारांची चाळण लावली की काम झालं. प्रोटीन वर, साखर आणि क्षार खाली. वरचं आटवायचं, गरम हवेत फवारून वाळवायचं, ८० टक्के प्रोटीनची पावडर तयार. १९७० च्या दशकात हे कारखान्यांतून सुरू झालं. सांडपाण्याचा प्रश्न सोडवताना प्रॉडक्ट निघालं. मग गिऱ्हाईक शोधलं गेलं: लहान मुलांचं दूध, बिस्किटं, आइस्क्रीम, आणि शेवटी आपण.

याचा अर्थ व्हे हा कचरा आहे असा काढू नका. पदार्थ उत्तमच आहे. लवकर पचतो, सगळी आवश्यक अमिनो ॲसिड्स त्यात आहेत, आणि स्नायू बांधायला सुरुवात करून देणारं ल्यूसीन भरपूर आहे. प्रश्न एवढाच की फायदा किती. २०१८ मध्ये मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ४९ प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. वजनाचा व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावर काही आठवड्यांत सरासरी १.१ किलो चरबीविरहित वजन चढलं. ज्यांनी वर जादा प्रोटीन घेतलं, त्यांना त्यावर आणखी ०.३ किलो. आणि किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅम प्रोटीन मिळायला लागलं की पुढे वाढवून सरासरी फायदा दिसेना. म्हणजे मोठं काम लोखंड करतं, पावडर वरकड. आणि ते १.६ ग्रॅम डब्यातूनच यावे असंही काही नाही. एका स्कूपचे २४ ग्रॅम म्हणजे पाऊण लिटर दूध, किंवा ४ अंडी, किंवा ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. ज्याला कॅलरी वाढू न देता प्रोटीन हवंय, किंवा ज्याला दूध पचत नाही, त्याला पावडर (त्यातही आयसोलेट) सोयीची. किडनीचा आजार असेल त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने तर २०२४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत, शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलं. मला हे जरा टोकाचं वाटतं. पण त्यांची काळजी कुठून येते ते कळायला दौंडला परत यावं लागेल.

*

दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, ५ आणि ७. जवळच नानवीजला त्यांचं प्रशिक्षण केंद्र. रेल्वेखालोखाल या गावाची ओळख म्हणजे खाकी. त्यामुळे दौंड काय, शिरूर काय, पहाटे पाचला मैदानावर पोरं-पोरी पळताना दिसतातच. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, राखीव दलाला ५ किलोमीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. राखीव दलाच्या मैदानी १०० पैकी ५० गुण त्या ५ किलोमीटरचे. एकेका जागेमागे शेकड्यांनी अर्ज. यातली बरीच पोरं कोरडवाहू घरातली, सकाळी चहा-बटरवर पळणारी, दुपारी रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी ड्यूटी करणारी.

आणि या पोरांना कोणीतरी सांगतं, डबा घे.

इथे टेंपलचा हिशोब परत येतो. दिवसभराच्या कॅलरी पुरत नसतील तर स्कूपमधलं महागडं प्रोटीन शरीर सरळ जाळून टाकतं. तीन हजारांच्या आसपासचा डबा ज्वारीच्या भाकरीचं काम करतो. त्या पैशात दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ, भात महिनाभर जास्तीचे खाल्ले तर ५ किलोमीटरचा वेळ जास्त सुधारेल, कारण पळायला आधी इंधन लागतं. हे त्या मुलाला सांगणारं कोणी नसतं, कारण अंडी विकून कोणाला कमिशन मिळत नाही.

त्यात डबा स्वस्त हवा म्हटलं की नकली येतो. नकली व्हे पकडणं वाटतं तितकं सोपं नाही, आणि याचं कारण एक जुना बग आहे. अन्नातलं प्रोटीन मोजायची प्रमाण पद्धत १८८३ ची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या येल्डाल या माणसाची. ती प्रोटीन मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि दुधासाठी त्याला ६.३८ ने गुणते. म्हणजे नायट्रोजन असलेली कुठलीही स्वस्त वस्तू टाकली की प्रोटीन "वाढतं". व्हॅलिडेशन चुकीच्या फील्डवर आहे, एवढंच. २००८ मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याच पळवाटेने. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. पावडरीत मेलामाइनऐवजी ग्लायसीन, टॉरीनसारखी स्वस्त अमिनो ॲसिड्स टाकतात. विष नाही, पण स्नायूंना उपयोगही नाही. २०२४ मध्ये केरळातल्या डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट्स तपासून घेतली. जवळजवळ ७० टक्क्यांवर छापलेला प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. १४ टक्क्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सापडलं, ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश.

आणि खरी भीती तर डब्याच्याही पुढे आहे. मेफेंटरमाइन सल्फेट हे भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणायचं इंजेक्शन. ते जिममध्ये "स्टॅमिना"साठी विकणाऱ्यांना पुणे परिसरात पोलिसांनी वेळोवेळी पकडलेलं आहे. पहिला डबा आणि हे इंजेक्शन यांचा रासायनिक संबंध काही नाही. विकणारा मात्र पुष्कळदा एकच असतो.

राहता राहिलं चाळणीखालचं पाणी. प्रोटीन काढून घेतल्यावर उरलेल्या साखर-क्षारांच्या द्रावणाला पर्मिएट म्हणतात. तेही वाळवतात आणि पोत्यांत भरून विकतात, चॉकलेट-बिस्किटांसाठी, पशुखाद्यासाठी. कायदेशीर धंदा आहे. पण दूध घेताना डेअरी काय बघते? गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा लॅक्टोजचा. पाणी घातलेल्या दुधात पर्मिएट पावडर ढवळली की एसएनएफ परत ८.५. फॅटसाठी भलतंसलतं तेल. २०२३ मध्ये दौंडहून भीमा ओलांडली की लागणाऱ्या श्रीगोंदा तालुक्यात दूध भेसळीचं मोठं प्रकरण उघडकीला आलं, त्यात व्हे पर्मिएट पावडर आणि लिक्विड पॅराफिन सापडलं होतं. पुन्हा तोच येल्डालवाला प्रकार, मोजायची वस्तू एक आणि मोजलेली दुसरी.

यात मार खातो तो खरं दूध घालणारा. एसएनएफ ८.५ ला एक पॉइंट कमी भरला की त्याचा दर कापला जातो, उन्हाळ्यात गाय उन्हाने हैराण होते तेव्हा तर हमखास. २०१८ मध्ये पावडरचे जागतिक भाव पडले आणि गाईच्या दुधाचा दर लिटरला १७ रुपयांपर्यंत आला, तेव्हा लोकांनी रस्त्यावर दूध ओतलं. मग सरकारने ५ रुपयांचं अनुदान दिलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत तेच, तेव्हा रोज १० लाख लिटर दूध सरकारने पावडर करायला घेतलं. १७ रुपयांच्या दराने आपल्या सुरुवातीच्या हिशोबातल्या दीडशे लिटरचे होतात २५५० रुपये.